जानेवारीतला मार्च

ऑलिव्ह हेपलच्या मागच्या दाराला घंटा नाही. मार्च सुरू झाला की लोक हातात खोकं घेऊन तिथे उभे राहतात आणि बोटांच्या पेरांनी दार वाजवतात. खोक्यात फेरेटची मादी असते; सशांच्या शिकारीसाठी इथे हा प्राणी पाळतात. ऑलिव्ह झाकण सारते, मुंगसासारखं ते लांबडं अंग खांद्यांपाशी धरून उचलते, शेपूट वर करून बघते आणि सांगते, दोन दिवस झालेत. किंवा, आठवडा झालाय, तोवर काय झोपा काढत होतास? मग ती मादी दोन दिवस बिशपकडे राहते.

बिशप तिचा नर. नसबंदी केलेला. आमच्या हॅगवर्थ गावातले निम्मे विनोद त्याच्यावर आहेत. घरोघर शांती देतो आणि मागे पोर ठेवत नाही, असा बिशप मिळायला नशीब लागतं, असं लोक म्हणतात. विनोद सोडला तर त्याच्यावाचून या खोऱ्यातल्या माद्यांचं काही खरं नव्हतं. फेरेटच्या मादीचा माज गाईसारखा दिवसाभरात आपोआप उतरत नाही. दिवस मोठा होऊ लागला की ती माजावर येते, शेपटीखाली सूज दिसते, आणि नर मिळेपर्यंत तशीच राहते, महिना, दोन महिने, अख्खा उन्हाळा. नर मिळालाच नाही तर तो माज तिला आतून खातो. हाडांत रक्त तयार होणं थांबतं. आणि दरवर्षी आठ-आठ पिल्लं कुणाला हवी असतात? म्हणून बिशप. मादीला वाटतं आपलं झालं, अंग शांत होतं, पिल्लं होत नाहीत.

शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं ऑलिव्हने मोठमोठ्या पातेल्यांत बटाटे उकडले, पण तिची ओळख ती नव्हे. तिची ओळख मागच्या दाराची. शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे माज उतरवायचं इंजेक्शन मिळायला लागलं तरी म्हातारे लोक तिच्याकडेच येत. ती सगळ्यांना एकच नियम सांगे. मार्च लागला की दर रविवारी शेपूट उचलून बघा. ज्याने बघितलं नाही त्याची ती गय करत नसे.

ऑक्टोबरात तिच्या नवऱ्याला, लान्सला, पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वाचा सगळी गेली नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. काही शब्द उरले होते, पण हवा तो हाताला लागत नसे. चहा हवा असला की तो 'शिडी' म्हणे, आणि आपण चुकलो हे त्याला ताबडतोब कळे. मग तो डोळे मिटून घेई. खाणीत तीस वर्षं काढलेला, सवड मिळाली की जाळी आणि फेरेट घेऊन टेकड्यांवर सशांच्या मागे हिंडणारा माणूस समोरच्या खोलीत खाटेवर पडला, आणि त्याने खाणं सोडलं. तेव्हा ऑलिव्हने बागेतल्या खोपटातून टॅन्सीला आत आणलं.

टॅन्सी लान्सची मादी, चार वर्षांची, पायांवर आणि तोंडाशी काळसर, बाकी सायीच्या रंगाची. खाटेच्या डाव्या अंगाला, लान्सची नजर जाते तिकडे, ऑलिव्हने खुराडं मांडलं. त्या दिवशी लान्सने अर्धी वाटी सूप घेतलं. मी भिंतीपलीकडेच राहते, त्यामुळे ही बातमी मला भिंतीतूनच कळली. ऑलिव्ह गाणं म्हणत होती, आणि ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

लान्सला अंधार सोसत नसे. उजवीकडचं त्याला नीट दिसायचं नाही, आणि दिवा मालवला की तो घशातून आवाज काढत राही. इथे नोव्हेंबरात चारलाच काळोख पडतो. त्यामुळे खोलीतला दिवा पहाटे लागे तो पार निजेपर्यंत जळत राही.

जानेवारीच्या मध्यावर लान्सला एक शब्द गवसला. "मार्च," तो म्हणाला. स्पष्ट, एकही अक्षर न सांडता. ऑलिव्ह इतकी हरखली की तिने मला बोलावून घेतलं. तो पुन्हा म्हणाला, "मार्च." ऑलिव्हने भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्यापुढे धरलं. अरे राजा, जानेवारी आहे अजून, हे बघ, इथे आहोत आपण. बर्फ तर जाऊ दे. मार्च आला की तुला खुर्चीत बसवून टेकडीपर्यंत नेईन. लान्सने डावा हात कॅलेंडरवर मारला. कॅलेंडर खाली पडलं.

मग तो रोज म्हणू लागला. दिवसातून दहा वेळा, वीस वेळा. आठवड्यातून दोनदा येणारी नर्स, कार्मेल, तिच्या कागदावर ठरलेले प्रश्न विचारी: नाव काय, घर कुणाचं, महिना कोणता. लान्स तिच्याकडे बघून सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "मार्च." कार्मेलने लिहून घेतलं. जाताना दारात ती ऑलिव्हला म्हणाली, काळाचं भान सुटतंय, मनाची तयारी ठेवा. त्या दिवसापासून लान्स तो शब्द बोलला की ऑलिव्ह नुसती "हो, हो" म्हणायची. एकदा मी तिथे असताना त्याने खुराड्याकडे हात केला. ऑलिव्हला वाटलं त्याला सशांची आठवण येतेय. मलाही तेच वाटलं.

फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला, सकाळी दहाच्या सुमाराला, ऑलिव्ह खुराड्यातला पेंढा बदलत होती. टॅन्सी नेहमीसारखी तिच्या बाहीत शिरली नाही. उचललं तर मागचे पाय ओल्या फडक्यासारखे लोंबले. ऑलिव्हने शेपूट वर केलं. शेपटीवरचे केस गेले होते, कातडी दिसत होती, आणि खाली पिकल्या बोराएवढी सूज होती. ती दोन दिवसांची नव्हती. आठवड्याचीही नव्हती.

तिचे पाय आपोआप बागेकडे वळले, खोपटाकडे, बिशपकडे. तीस वर्षांची सवय. कडी काढली, आणि उजेडात टॅन्सीचा ओठ वर करून बघितला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. पोटावर जांभळे ठिपके होते, कुणी टाचणीने टोचल्यासारखे. नर मादीला मानेला धरून तासभर फरफटवतो, दात रुततात. धडधाकट मादीला त्याचं काही नसतं. हिचं रक्त एकदा वाहू लागलं असतं तर थांबलं नसतं. ऑलिव्हने कडी पुन्हा लावली. आतून बिशप जाळीला नाक घासत होता.

मला तिने लान्सपाशी बसवलं आणि खोकं मांडीवर घेऊन बसने शहरात गेली. पुढचं मला तिच्याकडून कळलं, तेही एका बैठकीत नव्हे.

डॉक्टर प्राउड वयाने लहान, शांत बाई. तिने टॅन्सीच्या रक्ताचा थेंब तपासला. चांगल्या मादीच्या रक्तात शंभरात पंचेचाळीस भाग तांबड्या पेशींचा असतो, हिच्यात सोळा उरला होता. मग तिने साधा प्रश्न विचारला. माज कधी सुरू झाला?

"माझ्या माद्या मार्चच्या आधी कधीच येत नाहीत," ऑलिव्ह म्हणाली. "आमच्या घरात तर त्याला म्हणतातच—"

आणि ती थांबली.

त्यांची मुलगी लहान असताना जेवणाच्या टेबलावर माज हा शब्द काढायचा नाही, असं ऑलिव्हनेच ठरवलं होतं. लान्स खोपटातून यायचा, हात धुवायचा आणि म्हणायचा, तांबडीला मार्च लागला. मुलगी मोठी झाली, लग्न करून समुद्रापलीकडे गेली, तरी शब्द तोच राहिला. वीस-पंचवीस वर्षं त्या घरात मार्च हा महिना नव्हताच.

डॉक्टरने विचारलं, मादी कुठे असते, किती तास उजेड असतो? ऑलिव्हने सांगितलं. डॉक्टरने मान हलवली. मादीला कॅलेंडर ठाऊक नसतं, तिला उजेड ठाऊक असतो. ऑलिव्हने ही गोष्ट दुसऱ्यांना शंभर वेळा सांगितली होती. दिव्याखाली टॅन्सीचा वसंत नाताळातच उजाडला होता, आणि सहा आठवडे एक माणूस खाटेवरून तो बघत होता आणि सांगत होता.

डॉक्टरने माज उतरवायचं इंजेक्शन दिलं, पण त्याला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस टॅन्सीपाशी नव्हते. तिला रक्त हवं होतं. फेरेटमध्ये रक्ताचे गट नसतात, कुणाचंही कुणाला चालतं, फक्त देणारा मोठा आणि निरोगी हवा. दुपारच्या बसने ऑलिव्ह परत आली, बिशपला दुसऱ्या खोक्यात घातलं आणि तशीच उलट फिरली. लान्सने तिला दारातून जाताना पाहिलं. "मार्च?" त्याने विचारलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. मला म्हणाली, त्याला सूप दे, जाड करून दे, पातळ घशात अडकतं.

बिशपला गुंगी देऊन त्याच्या मानेतून तीन चमचे रक्त काढलं, आणि तेवढं टॅन्सीला दिलं. संध्याकाळी तिने उकडलेल्या अंड्याचा बलक चाटला. दुसऱ्या दिवशी हिरड्यांवर किंचित गुलाबी आलं. ऑलिव्ह दोन दिवस रोज दोन बसा बदलून जात होती, येत होती. घरी आली की लान्सला पुसायची, कूस बदलायची, भरवायची. बोलत नव्हती. तो शब्द आता लान्सनेही टाकला होता. रिकाम्या खुराड्याकडे बघत तो पडून राही.

चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला. आकडा पुन्हा उतरला होता, चौदावर. मिळालेलं रक्त संपत होतं आणि हाडं नवं तयार करत नव्हती. अजून एकदा देऊन बघता येईल, पण बिशपचं इतक्या लवकर घेता येणार नाही. दुसरा मोठा नर आहे का कुणाकडे, आजच?

खोऱ्यात तसा मोठा नर एकच होता, आणि तो नॉर्मन टिंकलरकडे होता.

नॉर्मनची एक मादी बारा वर्षांपूर्वी जुलैमध्ये अशीच गेली होती. त्याची बायको त्याच वसंतात घर सोडून गेलेली, त्याला दिवस-वार कळत नव्हते, शेपटी बघायचं तर राहूच दे. मेलेली मादी टोपीत घालून तो ऑलिव्हकडे आला, हिला काय झालं असेल विचारायला. तेव्हा ऑलिव्ह गावातल्या क्लबच्या दारात उभी होती, चार माणसांत, आणि तिने तिथेच सांगितलं. काय व्हायचंय? तू मारलीस. डोळे फुटले होते का तुझे? नॉर्मनने टोपी उचलली आणि गेला. त्यानंतर तो कधी मागच्या दाराला आला नाही. आपल्या माद्यांना शहरात नेऊन इंजेक्शन देऊन आणी.

ऑलिव्ह त्याच्याकडे चालत गेली. मी म्हटलं, मी जाऊन विचारते. ती म्हणाली, नको, हे माझ्याच तोंडाने मागितलं पाहिजे.

नॉर्मन अंगणात जाळी दुरुस्त करत बसला होता. त्याने तिला बसायला सांगितलं नाही. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. दिवा, खोली, सोळा, चौदा. लान्स काय म्हणत होता तेही, आणि त्याचा अर्थ आपण काय लावला तेही. काहीच गाळलं नाही. नॉर्मन सुतळीला गाठ मारत ऐकत होता.

"म्हणजे त्याने सांगितलं होतं," तो म्हणाला.

"रोज."

"आणि तू कॅलेंडर दाखवत होतीस."

"हो."

त्याने गाठ ओढून बघितली. "माझ्या वेळी तू एक प्रश्न विचारला होतास, ऑलिव्ह. क्लबच्या दारात. आता मी विचारू?"

"विचार."

"डोळे फुटले होते का तुझे?"

"हो," ऑलिव्ह म्हणाली. "फुटले होते."

नॉर्मन उठला. पँटवरचे धागे झटकले. "बसने नको. माझ्या नराला बसचा वास सोसत नाही, सगळ्यांच्या अंगावर मुततो. माझ्या गाडीतून जाऊ."

त्याच्या नराचं नाव ट्रॅक्टर. तो खरोखरच तेवढा होता. शहर पंधरा मैलांवर होतं. डॉक्टरने ट्रॅक्टरला गुंगी दिली तेव्हा नॉर्मनने तोंड भिंतीकडे केलं, आणि टॅन्सीच्या पायात नळी लावली तेव्हा ऑलिव्हने केलं नाही. ती बघत होती. थेंब सुटत होते, एक, मग बराच वेळ काही नाही, मग एक.

ते रक्त तीन दिवस टिकलं. इंजेक्शनने आपलं काम केलं, सूज उतरली, शेपटीखाली पुन्हा पूर्वीसारखं झालं. पण आकडा दहावर आला. डॉक्टर प्राउडने ऑलिव्हला खुर्ची दिली आणि सांगितलं की माज गेला, पण हाडं जागी झाली नाहीत. यापुढे फक्त त्रास आहे. तो इथे थांबवता येईल, किंवा तिला घरी न्यायचं असेल तर उद्या अकरा वाजता मी येईन.

ऑलिव्हने तिला घरी आणलं, लान्ससाठी. नॉर्मनच सोडायला आला होता. आत न येता तो फाटकाशी उभा राहिला.

तिने टॅन्सीला लान्सच्या डाव्या हाताखाली, गोधडीवर ठेवलं. टॅन्सीचं डोकं हलत होतं, बाकी काही नाही. मी खोलीतून निघत होते, ऑलिव्हने मला थांब असं खुणावलं. कुणीतरी ऐकायला हवं होतं बहुधा.

"लान्स," ती म्हणाली, "तू मला सांगत होतास. मी ऐकत नव्हते. मला वाटलं तुझं डोकं गेलं. डोकं माझं गेलं होतं."

लान्सने तिच्याकडे बघितलं नाही. त्याने डाव्या हाताने, सावकाश, दोन बोटांत धरून टॅन्सीचं शेपूट वर केलं आणि खाली पाहिलं. चाळीस वर्षं हजारदा पाहिलं असेल तसंच. सूज नव्हती. त्याचा चेहरा सैल झाला. त्याने ऑलिव्हकडे मान वळवली, ओठ जुळवत राहिला, आणि शब्द शोधून काढला.

"एप्रिल," तो म्हणाला.

त्याला वाटलं ती बरी झाली. माज उतरला, म्हणजे वाचली. चाळीस वर्षं असंच होत आलं होतं.

ऑलिव्ह खाटेच्या कडेवर बसली आणि टॅन्सीचा ओठ वर करून त्याला पांढरी हिरडी दाखवली. लान्स खूप वेळ बघत राहिला. मग त्याने ओठ हलकेच खाली ओढला, बोटाने सारखा केला, आणि हात तसाच टॅन्सीच्या अंगावर ठेवला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता डॉक्टर आली तेव्हाही हात तिथेच होता. सुई टोचली, तेव्हाही त्याने तो काढला नाही.

बागेतली जमीन गोठून दगड झाली होती. ऑलिव्हच्या कुदळीने ढेकूळही निघेना. नॉर्मन न बोलावता फाटकातून आत आला, तिच्या हातातून कुदळ घेतली आणि खोपटामागे खणू लागला. लोखंडाचा आवाज घरभर जात होता. ऑलिव्ह हातात टॉवेलमधलं गाठोडं धरून उभी होती. खड्डा गुडघाभर झाल्यावर नॉर्मन श्वास घ्यायला थांबला.

"हे मनातून जायला किती दिवस लागतात?" तिने विचारलं. "तुला किती लागले?"

"खरं सांगू का बरं वाटेल असं सांगू?"

"खरं सांग."

"मग विचारू नकोस," नॉर्मन म्हणाला, आणि तिच्या हातातलं गाठोडं घ्यायला त्याने दोन्ही हात पुढे केले.

तिने ते दिलं नाही. स्वतः गुडघे टेकून, वाकून, तळाशी ठेवलं. नॉर्मन माती लोटेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग उठली, एप्रनला हात पुसले आणि आत गेली. लान्सच्या जेवणाची वेळ होऊन गेली होती.